साखरेच्या बेटावर डबल बेल

विमान ढगांखाली आलं, खिडकीतून पहिल्यांदा मॉरिशस दिसलं आणि आमचे मालक अख्ख्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शालन, ऊस." मी वाकून पाहिलं. निळा समुद्र होता, कडेनं पांढरी वाळू होती, मधे टोकदार डोंगर होते आणि उरलेल्या सगळ्या जागेत ऊस होता. सहा तास उडून, पासपोर्टावर शिक्के मारून घेऊन आलो कुठं, तर हातकणंगल्याला! मला जे हसू फुटलं ते पट्टा सोडायचा दिवा लागेपर्यंत थांबेना.

आधी ओळख करून देते. मी हातकणंगल्यात बायकांचा शिवणक्लास चालवते. मालक, म्हणजे माझे यजमान, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या गाडीवर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच हौस उरली होती. पाठीमागं पन्नास माणसं, बोचकी आणि कोंबड्या नसताना, वाटेल तिथं थांबत, समुद्राच्या कडेनं गाडी चालवायची. मी गोवा सुचवला, तर म्हणाले तिथं शंभरदा गेलतो, ड्युटीवर. मग पुण्याच्या आमच्या लेकीनं शोध लावला की मॉरिशसला गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, आणि भाड्याची गाडी घेऊन आपली आपण फिरता येतं. झालं, त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

वर्षभर तयारी चालली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी बेटाचा नकाशा काढला आणि त्यावर सहा दिवसांचं वेळापत्रक मांडलं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबे, रातवस्ती (रात्रीचा मुक्काम). एका रस्त्यावर तर "विनाथांबा" लिहिलं होतं. समुद्रात पोहायला "विश्रांती, वीस मिनिटे" दिली होती. मी म्हटलं, अहो, एवढ्या लांब जाऊन वीसच मिनिटं? त्यावर त्यांनी विचार करून खोडलं आणि पंचवीस केलं.

या सगळ्यात मी कुठंच चालक नव्हते, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी क्लासमधल्या मुलींच्या नादानं गाडी शिकले, लायसन काढलं. पहिल्याच रविवारी यांना शेजारी बसवून कोल्हापूरला रंकाळ्यावर गेले. भेळेच्या गाड्यांसमोर, ऐन गर्दीत, हे असे ओरडले की भेळवाल्याच्या हातातलं पातेलं हललं. "ब्रेक मार! माणसं मारतीस काय?" समोर माणूस सोडा, कुत्रं नव्हतं. मी गाडी तिथंच बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि रिक्षानं घरी आले. त्यानंतर मी गाडीच्या उजव्या बाजूला बसले नाही. त्यांनी 'बस' म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पण कुणी बाई गाडी चालवत गेली की मी तिच्याकडं वळून वळून बघायची.

आता विमानतळावर या. उकाडा कोकणातला, फुलं जिकडंतिकडं, आणि तिकडं उन्हाळा उलटा म्हणून दिवाळीनंतर गुलमोहर लालेलाल. भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीवर एक हसरी मुलगी होती. हिंदी छान बोलत होती. तिनं लायसन मागितलं. मालकांनी पिशवीतून फाइल काढली, फाइलीतून प्लास्टिकचा कप्पा, आणि कप्प्यातून लायसनची रंगीत झेरॉक्स. मुलगी म्हणाली, मूळ प्रत द्या. मालकांनी दुसरी झेरॉक्स दिली. तिच्यावर त्यांनी स्वतःची सहीसुद्धा केली होती. मुलगी हसतच राहिली आणि मान हलवत राहिली.

मूळ लायसन कुठं होतं? घरी. लोखंडी कपाटात, आतल्या खणात, सातबारा आणि रेशनकार्डाच्या मधे. आमच्याकडं असंच असतं. महत्त्वाचा कागद जेवढा महत्त्वाचा तेवढा तो घराबाहेर काढायचा नाही. बाहेर हिंडायला झेरॉक्स. लेकीनं चारदा सांगितलं होतं, "बाबा, ओरिजिनल घ्या." आणि यांनी चारही वेळा, "घेतलंय की," म्हणून चार झेरॉक्स काढल्या होत्या.

मालक खिडकीपासून बाजूला झाले आणि आपल्या बॅगेवर बसले. वर्षभराचा नकाशा मांडीवर होता. म्हणाले, टॅक्सी करून हॉटेलवर जाऊ, सहा दिवस वाळूत बसू, मग परत जाऊ. आवाजात राग नव्हता आणि तेच मला ऐकवेना.

माझ्या पर्समध्ये माझं लायसन होतं. मूळ. मी ते कायम जवळ ठेवते, कारण माझा एवढा बरा फोटो दुसऱ्या कुठल्याच कार्डावर नाही. मी ते खिडकीवर ठेवलं. मग मालकांकडं वळून म्हटलं, "मी चालवते. पण आजपासून तुम्ही कंडक्टर. कंडक्टर ओरडत नाही, फक्त बेल देतो. एक ओरडा ऐकला तर गाडी तिथंच सोडून मी समुद्रात जाईन."

मालकांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "सिंगल बेल थांब, डबल बेल चल. ठरलं."

पांढरी छोटी गाडी मिळाली. मालकांनी चारी टायरना लाथ मारून पाहिली, बॉनेटला नमस्कार केला आणि डाव्या बाजूला बसले. बसताना पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. मी क्लच सोडला, गाडीनं दोन बेडूकउड्या मारल्या आणि बंद पडली. डावीकडून आवाज नाही. बघते तर मालकांनी स्वतःचं तोंड रुमालानं झाकलेलं. दुसऱ्यांदा मी मनाशी म्हटलं, शालन, हे शिवणयंत्राचं पायडल आहे, हळूच सोड. गाडी निघाली. मालकांनी पुढच्या कप्प्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.

काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूला ऊस, मधे काळा गुळगुळीत रस्ता, शेतात काळ्या दगडांचे ढीग, आणि गाडी मी चालवतेय. रस्त्यात गोल चौक मोजता येणार नाहीत एवढे. पहिल्या चौकाला मी तीन प्रदक्षिणा घातल्या, कारण बाहेर पडायची वाट सापडेना. मालकांनी तीनदा सिंगल बेल दिली आणि शेवटी देवाचं नाव घेतलं. उसाची एक लॉरी दिसली, तशी त्यांनी खिडकीतून मान काढून उसाची जात ओळखायचा प्रयत्न केला आणि साखरेचा उतारा किती पडत असेल यावर स्वतःशीच चर्चा केली. तेवढा वेळ ते ब्रेक दाबायचं विसरले. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, ही गोष्ट वेगळी.

गडबड झाली ती पश्चिम किनाऱ्याजवळ एका गावात. आडव्या रस्त्यानं मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. उजवीकडून बस आली, तिनं हेडलाइट दोनदा लुकलुकवले. मालकांनी खाडकन सिंगल बेल दिली. "थांब. डिपर मारतोय त्यो. सोडणार न्हाय." मी थांबले. बसही थांबली. डावीकडून आलेल्या मोटारीनंही लाइट मारले. पुन्हा सिंगल बेल. ती मोटारही थांबली. बसनं परत लाइट मारले, आम्ही परत हललो नाही. हळूहळू दोन्हीकडं रांगा लागल्या. आणि गंमत अशी, की एकानं म्हणून हॉर्न वाजवला नाही. आपल्याकडं एव्हाना चौघं उतरून आमच्या घराण्याची चौकशी करून गेले असते. त्या शांततेत मला जास्तच घाम फुटला.

शेवटी बसचा ड्रायव्हर खाली उतरला. पिकल्या केसांचा, गोलमटोल, गालात हसणारा. मालकांच्या खिडकीपाशी वाकून हिंदीत म्हणाला, "आप जाइए ना. हम आपके लिए रुके हैं. बत्ती दिया था." मालकांनी विचारलं, बत्ती दिली म्हणजे तुम्ही जा? तो म्हणाला, आणि काय? मालकांनी सांगितलं की मीपण बसचा ड्रायव्हर, एकतीस वर्षं, इंडिया. त्या माणसानं खिडकीतून हात घालून हात मिळवला, माझ्याकडं बघून अंगठा वर केला आणि "कोरेक" (सगळं ठीक) म्हणून आपल्या बसकडं गेला. मालकांनी पिशवीतल्या भडंगाची एक पुडी त्याच्यामागं धावत जाऊन दिली. मग आत येऊन डबल बेल. मी दोन्ही रांगांच्या मधून, राणीसारखी, गाडी काढली.

पुढं समुद्र डावीकडं आला तरी मालकांनी नकाशा उघडला नाही. मग म्हणाले, "एकतीस वर्सं मी बत्ती मारली ती एकाच अर्थानं. बाजूला हो, मी येतोय. 'तू जा आधी' असं बी त्यातनं सांगता येतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाय." थोड्या वेळानं, रस्त्याकडं बघत, आणखी म्हणाले, "रंकाळ्यावर समोर कुणी नव्हतं. मीच भ्यालतो. उगंच वरडलो."

मला गाडी चालवताना रडता येत नाही, असं त्या दिवशी कळलं. डोळे पुसायला हात मोकळा नसतो.

त्यानंतरचे पाच दिवस मी भरमसाट बत्त्या मारल्या. लॉरीला, सायकलवाल्याला, वरातीला, एकदा तर बदकांना. वेळापत्रक दुसऱ्या दिवशीच मोडलं. रस्त्याकडेच्या गाडीवर दालपुरी (वाटल्या डाळीची मऊ पोळी, आत उसळ आणि मिरचीचा ठेचा) खाताना मालक म्हणाले, ही पुरणपोळीची तिखट बहीण आहे, आणि चार खाल्ल्या. विकणाऱ्या बाईनं ठेचा बेतानं लावला तेव्हा त्यांनी खूण करून आणखी मागितला, आणखी मागितला, आणि शेवटी तिनं डबाच पुढं सरकवला. पोहायची विश्रांती पंचवीस मिनिटांवरून तीन तासांवर गेली. दक्षिणेला ल मोर्नचा उभा कडा आहे. जुन्या काळी मळ्यांतून पळालेले गुलाम तिथं लपत, असं एका म्हाताऱ्यानं आम्हाला सांगितलं. तिथं मात्र मालक टोपी काढून उभे राहिले.

शामारेलचा घाट हा खरा पेपर होता. रस्ता अरुंद, वळणं उलटीसुलटी, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चढताना मी कशीबशी निभावले. रंगीत मातीच्या टेकड्या पाहिल्या, ताजी अननसं मीठ-मिरची लावून खाल्ली. उतरताना माझा पाय ब्रेकवरून निघेना आणि जळका वास यायला लागला. मी मनात म्हटलं, आता ओरडतील, आणि ओरडले तर या वेळी त्यांचं बरोबर असेल. त्यांनी हळूच एक टकटक केली. मी बाजूला थांबले. मग त्यांनी समजावलं, अगदी सावकाश, मी नव्या मुलीला बाही जोडायला शिकवते तसं. उतारावर ब्रेक दाबून बसायचं नाही, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचं, गाडी आपण होऊन आवरते. वळणाच्या आधी सगळं करायचं, वळणात काही करायचं नाही. गगनबावड्यात त्यांना हे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवलेलं. मी तसं केलं. गाडी शहाण्यासारखी उतरली. समोरून बस आली तेव्हा मी डोळ्यानं माप घेतलं, दीड वीत जागा होती, आणि मी त्यातनं गाडी काढली. मालक म्हणाले, "मला न्हाय जमलं असतं." हे खोटं होतं, पण मी ते जपून ठेवलंय.

गाडी परत देताना त्या हसऱ्या मुलीनं फिरून फिरून पाहिलं. ओरखडा नव्हता. मालकांनी तिला सांगितलं, ड्रायव्हर चांगला मिळाला.

मुंबईहून लेकीनं पुण्याला आणलं. आमची गाडी तिच्याच इमारतीखाली ठेवलेली होती. सकाळी निघताना मालक आपण होऊन डाव्या बाजूला जाऊन बसले, पट्टा लावला आणि आरसा नीट दिसतोय का एवढंच विचारलं.

क्लासमधल्या मुली विचारतात, काकू, तिकडं सगळ्यात भारी काय पाहिलं? मी समुद्र सांगते, त्यांना तेच ऐकायचं असतं. पण सगळ्यात भारी पाहिलं ते हायवेवर, कराड मागं पडल्यावर. बराच वेळ टकटक आली नाही म्हणून मी डावीकडं बघितलं, तर मालक झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीला टेकलेली, घोरण्याचा बारीक आवाज. तुम्हाला वाटेल, त्यात काय. पण हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपलेला नाही. लग्नाचं अख्खं वऱ्हाड घोरत असलं तरी याचे डोळे रस्त्यावर आणि उजवा पाय ताठ. विमानातसुद्धा सहा तास जागे, का, तर पायलट दिसत नाही.

मी वेग कमी केला. खड्डे चुकवत, वळणाच्या आधीच सगळं करत, गाडी पाण्यासारखी नेली. शिरोलीला आमच्या घराकडचा फाटा आला. वळायचं म्हणजे थांबणं आलं, गर्दी आली, हॉर्न आले, आणि हे जागे झाले असते. मी वळले नाही. पंचगंगेचा पूल गेला, कोल्हापूर उजव्या हाताला मागं गेलं, कागलही गेलं. निपाणीच्या पाट्या दिसायला लागल्या. तिकडं आमचं काहीही काम नव्हतं. मालक घोरत होते आणि मी सरळ चालले होते.