नाही म्हणायचा तास

"आधी रडून घ्या. मग आकडा सांगा."

मॅडमचं हे वाक्य आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. कुणी उसने मागायला आलं की त्या पेनाला टोपण लावायच्या, पेन पर्समध्ये टाकायच्या, चेन ओढायच्या आणि मग समोरच्याकडे बघून हे म्हणायच्या. आवाजात राग नसायचा. पेन पर्समध्ये गेलं की आलेल्यानं चहा पिऊन निघावं, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

धुळ्यात देवपूरच्या बाजूला आमचं ज्युनिअर कॉलेज. मी मराठी शिकवतो, त्या बुककीपिंग शिकवायच्या. मूळच्या चोपड्याकडच्या एका खेड्यातल्या. लग्न केलेलं नव्हतं. सुती साडी, पायात जाड तळव्याच्या चपला, हातात स्टीलचा डबा. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, ज्यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये 'हुशार आहे पण कोरडी आहे' असं बोललं जातं. बोलणाऱ्यांत मीही होतो.

शनिवारी शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा असे. आम्ही बाकीचे त्या तासाला मुलांना शुद्धलेखन घालायचो आणि पेपर वाचत बसायचो. मॅडम मात्र बारावी कॉमर्सला पैसा शिकवायच्या. मुलांनी त्याला नाव दिलं होतं, नाही म्हणायचा तास.

तो प्रकार बघण्यासारखा होता. एका मुलानं उसने पैसे नाहीतर कर्जाला जामिनाची सही मागायला यायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. मागणारा काका, मामा, शेजारी, जुना मित्र, काहीही होऊ शकतो. रडायचं, शपथा घालायच्या, लहानपणीचे उपकार काढायचे, सगळं चालतं. शिरपूरकडचा एक उंच पोरगा टॉवेल खांद्यावर टाकून काका व्हायचा आणि बाकावर मांडी घालून म्हणायचा, "पोरी, मी तुना काका शे ना? सही मांगी ऱ्हायनू, किडनी नही मांगी ऱ्हायनू!" वर्ग खो खो हसायचा. चपलांच्या दुकानवाल्याची शबाना डोक्यावर ओढणी घेऊन मावशी व्हायची. "बेटी, एक दस्तखत में तेरा क्या जाता है?" असं म्हणताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. समोरची मुलगी हसू दाबत म्हणायची, "खाला, चहा घ्या. सही होणार नाही."

"छान," मॅडम म्हणायच्या, "पण उशीर केलास. पहिल्या मिनिटात म्हणायचं. आणि कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर औषध घेऊन येतो. कशासाठी पाहिजेत, हे तर विचारायचंच नाही. विचारलं की तू त्याच्या घरात शिरलीस, आता बाहेर येणं कठीण."

एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण जवळचा माणूस असला तर?"

"जवळचाच असतो रे. अनोळखी माणूस तुझ्याकडे कशाला येईल?"

नुसतं नाही म्हणायलाच शिकवायच्या असं नाही. प्रत्येकाला बँकेत खातं उघडायला लावायच्या आणि पासबुक घेऊन बोलवायच्या. आत किती रुपये आहेत ते बघायच्याही नाहीत. वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघायच्या. विम्याच्या फॉर्मची मागची बारीक अक्षरातली बाजू मोठ्यानं वाचून घ्यायच्या. विसाव्या वर्षी महिन्याला पाचशे टाकणारा आणि तिसाव्या वर्षी हजार टाकणारा, साठीला कोण पुढे, हे फळ्यावर मांडून दाखवायच्या. विसाव्या वर्षीचा जिंकायचा. मुलं दर वर्षी चाट पडायची, आणि खरं सांगतो, दाराबाहेरून बघताना मीही पडायचो. तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती.

वर्षाच्या शेवटच्या तासाला त्या स्वतःची वही काढायच्या. लाल पुठ्ठ्याची, वर 'दादा' एवढंच लिहिलेलं.

"मला एक भाऊ आहे," त्या सांगायच्या. "माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला शर्टाची बटणं लावता येतात, पैसे मोजता येत नाहीत. आईवडील गेले. मी आहे तोवर माझ्याजवळ आहे. मी आधी गेले तर त्याला कुणीतरी जेवायला घालायला पाहिजे, आणि कुणी फुकट घालणार नाही. तेवढे पैसे मला निवृत्त होईपर्यंत उभे करायचे आहेत. तुमच्या घरात असा कुणी नसेल, चांगलंच आहे. पण श्रीमंत व्हायचं ते कशासाठी, ते एकदा कागदावर लिहा. मग हप्ता चुकत नाही."

वर्गात तेव्हा कुणी हसायचं नाही.

हा भाऊ आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. संध्याकाळी मॅडमसोबत भाजीला यायचा, पिशवी त्याच्याकडे असायची. तो मोठा असून मॅडमना ताई म्हणायचा. कुणी भेटलं की सांगायचा, "ताई बठ्ठास्ले शिकाडस," म्हणजे ताई सगळ्यांना शिकवते. मॅडम त्याच्याशी घरच्या बोलीतच बोलायच्या. तेव्हा त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की आपण चोरून ऐकतोय असं वाटायचं.

आता माझं काय ते सांगतो.

आमच्या शिक्षकांच्या पतपेढीत कर्ज काढायचं तर दोन सभासद जामीनदार लागतात. स्टाफरूममध्ये तो फॉर्म चहाच्या कपासारखा फिरतो. तू माझ्यावर सही कर, मी तुझ्यावर करतो. न वाचता सही करणं हा आपलेपणाचा पुरावा, आणि वाचायला लागलं की लोक दुखावतात. एवढ्या वर्षांत मॅडमनी कुणालाच सही दिली नव्हती, कुणाची घेतलीही नव्हती.

आमच्या पी.टी.च्या सरांना मोठं कर्ज हवं होतं. बायकोचं ऑपरेशन आहे म्हणाले. एक जामीनदार मिळाला, प्रयोगशाळेतले बुवा. दुसरा मिळेना. माझ्या सह्या आधीच दोघांसाठी झालेल्या, नियमानं तिसरी चालत नव्हती. पी.टी.चे सर माझ्यासमोर रडले. मोठा धिप्पाड माणूस, शिट्टी गळ्यात तशीच. मी म्हणालो, थांबा, मी मॅडमकडे शब्द टाकतो.

असं का म्हणालो? दया आली, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मी शब्द टाकला आणि कोरड्या मॅडमनी सही केली, हे स्टाफरूमला दिसावं असं मला वाटत होतं. माझी हौस होती ती.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दादा खाली बसून शेंगा सोलत होता. मी फॉर्म पुढे ठेवला. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. पर्स खुंटीला होती, त्या उठणार एवढ्यात मी म्हणालो, "मॅडम, मागे दादाला झटका आला होता, तेव्हा पहाटे गाडी कुणी काढली होती?"

पी.टी.च्या सरांनीच काढली होती. दवाखान्यात दिवसभर थांबलेही होते. मी ते आठवून, मनात नीट जुळवून गेलो होतो. शबानासारखं.

मॅडम परत बसल्या. बराच वेळ दादाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजेत त्यांना?"

तिथंच मला कळलं की सही होणार. मी ऑपरेशनचं सांगितलं. त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. स्टाफमध्ये तो फॉर्म पूर्ण वाचलेल्या त्या एकट्याच असतील. मग सही केली. मी जिना उतरताना शीळ घालत होतो, हे मला आजही आठवतं आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ऑपरेशन नव्हतंच. मोबाईलवर शेअर्सचं कसलंतरी चाललं होतं, त्यात आधीच बुडाले होते, आणि बुडालेलं काढायला हे कर्ज होतं. सहा महिन्यांत तेही गेलं. एका सोमवारी पी.टी.चे सर आले नाहीत. कुणी म्हणे सुरतला आहेत, कुणी म्हणे आणखी पुढे. संस्थेनं नोटिसा पाठवल्या आणि शेवटी कामावरून कमी केलं. पगारच नाही तर कपात कुठून होणार? प्रयोगशाळेतले बुवा त्याच वर्षी निवृत्त झाले, त्यांचाही पगार संपला. पतपेढीचे लोक सज्जन होते, अदबीनं बोलले. नियमाप्रमाणे सगळा हप्ता मॅडमच्या पगारातून सुरू झाला.

लाल वहीतला दादाचा हप्ता त्या महिन्यापासून बंद पडला.

मी त्यांच्यासमोर जायचं टाळू लागलो. त्यांनी टाळलं नाही. एका शनिवारी मी शेजारच्या वर्गावर होतो आणि मधलं दार उघडं होतं. कुणाकडून तरी मुलांच्या कानावर गेलं असावं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही का सही केली?"

मला वाटलं, आता त्या तिला गप्प करतील. फळ्यावर खडूचा आवाज आला. त्यांनी आकडा लिहिला. कर्ज किती, हप्ता किती, किती वर्षं, सगळं. "ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "मी कारण विचारलं. एका ओळखीच्या माणसानं माझ्या भावाचं नाव काढलं आणि मी कारण विचारलं. तुम्हाला मी शिकवते ते बरोबर आहे. मला आलं नाही. हे पण वहीत लिहा."

माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती, कारण मी बोलायचा थांबलो होतो. ओळखीचा माणूस कोण, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, नंतरही कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला आणि शेवेची भाजी पुढे सरकवली.

हप्ते संपायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत त्यांनी पोटाचं दुखणं अंगावर काढलं. तपासणीचं विचारलं की म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात." तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, कारण सोबत दुसरं कुणी नव्हतं. उपचारांत वहीतलं जे होतं त्यातलं बरंच गेलं. ठेवी मोडू देत नव्हत्या, भांडायच्या. "हे माझे नाहीत सर, दादाचे आहेत." शुद्ध कमी होत गेली तेव्हा आम्ही स्टाफमधल्यांनी बँकेशी बोलून त्या मोडल्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा त्या नीट जाग्या होत्या. मी म्हणालो, "मॅडम, मला माफ करा."

त्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांचा स्वभावच तसा, कुठलाही कागद न वाचता पुढे सरकवायच्या नाहीत. मग म्हणाल्या, "राग नाही सर. पण माफीचं मला अजून ठरवता आलेलं नाही." आणि डोळे मिटले. त्या गेल्या तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. शोकसभेत प्राचार्यांनी त्यांना काटकसरी म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो.

दादा आता जळगावच्या अलीकडे एका आश्रमात आहे. धुळ्याहून एसटीनं एरंडोल सोडलं की थोड्या वेळानं येतो. ती जागा मॅडमनीच दहा वर्षांपूर्वी बघून ठेवली होती, स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखून. मी दोन महिन्यांतून एकदा जातो. स्वच्छ आहे. लोक बरे आहेत.

गेल्या खेपेला तिथल्या व्यवस्थापक बाईंनी मला ऑफिसात बसवलं. म्हणाल्या, "सर, यांचे पैसे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतील. तब्येत तर ठणठणीत आहे. पुढचं कोण बघणार?"

सही झाली नसती तर ते पैसे किती झाले असते, हे मी घरी कागदावर मांडून पाहिलंय. दादा नव्वदीपर्यंत जगला तरी पुरले असते. हे त्या बाईंना सांगून काय उपयोग? माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग चालू आहे, घराचा हप्ता आहे, आणि यातलं बायकोला मी काहीच सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बघतो." त्यांना अशा उत्तराची सवय असावी. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दादा मला फाटकापर्यंत पोचवायला आला. मॅडम गेल्या, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिल्याच दिवशी, सोडून निघताना, मीच त्याला सांगून बसलो होतो की ताई नाशिकला बोर्डाचे पेपर तपासायला गेलीय. आता ते बदलायची हिंमत होत नाही.

फाटकाला धरून तो म्हणाला, "सर, ताई कधी येई?"

"पेपर तपासून झाले की."

मग त्यानं विचारलं, "बठ्ठा पेपर?"

"हो," मी म्हणालो, "बठ्ठा."

समाधान होऊन तो आत गेला. शर्टाची बटणं त्यानं व्यवस्थित वरपर्यंत लावली होती. समोरून एसटी आली, थांबली आणि निघून गेली, तरी मी तिथंच उभा होतो.