जिनिंगमधली ओली फळी

माणसानं माफ करावं म्हणतात. मी केलं नाही, आणि या वयात करायचा विचारही नाही.

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत नांदेडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझा मोठा भाऊ वायरमन होता आणि मी कापूस तोलायच्या काट्यावर. जिनिंगचा वीज करायचा स्वतःचा डायनामो होता. त्याचा लोखंडी खटका बसवायला दादानं सागाची फळी मागितली, तर मॅनेजरनं चहाच्या खोक्याचं प्लायवूड पुढं केलं. पातळ पापुद्रे चिकटवलेलं लाकूड ते. कोरडं असलं तर वीज अडवतं, कडांनी पाणी प्यालं की वाहू देतं. हाताला कळतं तेही. कोरडी फळी उबदार लागते, ओल मुरलेली गार.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रं धुऊन पुजतात. मॅनेजरनं हौसेनं फळीवरही तांब्याभर पाणी ओतलं. दादा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पुसलं तरी पाणी आत मुरतंय. वाळल्याबिगर खटका ओढायचा न्हाई."

"देवाच्या कामात तुझी अक्कल नको," मॅनेजर म्हणाला.

नारळ फुटला. पूजेमुळं सगळे अनवाणी, जमीन ओली. जिनिंगच्या फिटरनं खटका ओढला आणि विजेच्या झटक्यानं तो स्वतःच भिंतीवर फेकला गेला. बिचाऱ्याचा हात कायमचा वाकडा झाला.

मालकानं विचारल्यावर मॅनेजर बिनदिक्कत म्हणाला, "वायरमननं मला काही सांगितलं नव्हतं." दादाला सगळ्यांदेखत हाकललं. पुढं फळी वाळली, खटका सुरळीत चालू लागला आणि लोकांना वाटलं, खोट दादाच्याच कामात होती. फिटरही त्यालाच शिव्या द्यायचा. लातूरपर्यंत कुठल्याच जिनिंगनं दादाला दारात उभं केलं नाही. वायरमन म्हणून त्याचं नावच संपलं. तो अर्धापूरला केळीच्या बागेत राबू लागला.

मी डूख धरला. वर्षभर मॅनेजरला "जी साहेब, जी साहेब" करत राहिलो आणि पोटात आग जपली.

पुढच्या खंडेनवमीला दादाला प्रसादाच्या निमित्तानं बळंच घेऊन गेलो. फळी तीच. मॅनेजरनं यंदाही तिच्यावर पाणी ओतलंच. ओतलं नसतं तर दादा खरा ठरला असता, आणि खटका ओढायला दुसऱ्याचा हात होताच की! मी हळूच फळीला हात लावून पाहिला. गारढोण. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, यंदाचा मुहूर्त तुमच्या हातानं होऊ द्या. लई शोभंल."

मालकानं मान डोलावली. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तो भिंतीवर आपटलेला बघायचा होता, खोटं कशाला बोलू?

मॅनेजर अनवाणी पुढं आला. हात खटक्यापर्यंत नेला आणि विस्तवावरून ओढावा तसा मागं घेतला.

"आज नको. फळी वाळू दे."

"का साहेब? फळीत काय हाय?" मी विचारलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्याच भावानं सांगितलं होतं ना!" तो चिडून ओरडला.

ओरडला आणि त्याचा चेहरा उतरला. दादा दारात उभा होता. मालकही ऐकत होता. मी हसलो, अगदी दात दिसतील असा.

गड्यांतून वाट काढत फिटर पुढं आला. त्यानं आपला वाकडा हात मॅनेजरच्या तोंडासमोर धरला.

"मग माझ्या वक्ताला का न्हाई थांबलात, साहेब?"