नजरेतलं दुखणं ओळखणाऱ्या कांबळेबाई

आमच्या कबड्डीच्या प्रशिक्षक आदरणीय कुसुमबाई कांबळे यांची नि माझी पहिली भेट मी शाळेत असताना, खडकीच्या मैदानावर सरावाला गेले तेव्हा झाली. उंची एकदम वाढल्यामुळे मी खांदे पाडून, मान खाली घालून उभी होते. बाईंनी नाव विचारलं. मी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "नाव मला सांगतेस की मातीला?" मुली हसल्या आणि मी मान वर केली. आज बिबवेवाडीतल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे, त्याची सुरुवात तिथे झाली.

चढाई करणारीची नजर खाली गेली की समोरच्या मुली पुढे सरकतात, हे कबड्डीतलं पहिलं शिक्षण बाईंनी आम्हाला दिलं. पण स्वतः बाई आमच्याकडे पाहत त्या वेगळ्याच काळजीने. मूल तोंडाने खोटं बोलेल, त्याचे खांदे खोटं बोलणार नाहीत, असं त्या म्हणत. सरावाआधी प्रत्येकीसमोर क्षणभर उभ्या राहत. एखादी उपाशी आलेली असली, तर कुणाच्या लक्षात न येता बाईंचा डबा तिच्यापुढे जाई.

रुबीना ही आमची सर्वांत चांगली चढाईपटू. जिल्ह्याच्या निवडस्पर्धेच्या सकाळी ती मोठमोठ्याने हसत होती, पण वळताना दर वेळी तिची नजर उजव्या गुडघ्याकडे जात होती. बाईंनी विचारलं, तेव्हा काही नाही म्हणाली, तेही दुसरीकडे बघत. बाईंनी तिला बाहेर बसवलं. आम्ही हरलो. तिचे वडील मैदानावर येऊन बाईंना नको नको ते बोलले. 

नंतर डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं, रुबीनाच्या गुडघ्याचा लिगामेंट आधीच फाटला होता. मुलगी बरेच दिवस तशीच खेळत होती. रुबीना पुन्हा कधी खेळली नाही. बाईंनी पोरीचा पाय वाचवला, असं लोक म्हणू लागले. बाईंना ते कधीच पटलं नाही. "तिनं माझ्याकडे बघणं आधीच सोडलं होतं गं. मी परीक्षेचं टेन्शन समजले," एवढंच त्या एकदा माझ्याशी बोलल्या. पुढे कित्येक रविवार त्यांनी तिच्या घरी जाऊन पायाचे व्यायाम करून घेतले. रुबीना सांगितलेलं सगळं करी, पण भिंतीकडे पाहत.

बाईंच्या पंच्याहत्तरीचा सत्कार मैदानावर करायचं आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी ठरवलं आणि मी रुबीनाला बोलवायला गेले. ती म्हणाली, "बाईंवर राग नाही माझा. पण ते मैदान अजून बघवत नाही." मी ते बाईंना तसंच सांगितलं. हल्ली त्यांना श्वासाचा त्रास होतो, बोलणं कमी झालंय. त्या म्हणाल्या, "मग मैदानावर नको. माझ्या घरी करा. चहा मी करीन."

त्यामुळे हा समारंभ दोन खोल्यांत, दाटीवाटीने होणार आहे. रुबीना येते म्हणालीय. बाई, आपल्याला मोकळा श्वास मिळो, भरपूर आयुष्य मिळो; आणि इतकी वर्षं मनात धरलेला तो सल त्या दिवशी थोडा तरी हलका होवो.