नगरसेवकाची स्कूटर

आमच्या नगरसेवकाच्या दारातल्या स्कूटरवर आता इतकी धूळ साचलीय, की तीत ज्वारी सहज पिकेल. विधान परिषदेच्या मतदानाआधी पळवापळवी होऊ नये म्हणून पक्षानं त्याला बसमध्ये घालून कुठल्याशा रिसॉर्टवर ठेवलंय. तिथं तो म्हणे दिवसभर तलावात डुंबतो. इकडे गल्लीची पाइपलाइन फुटून आठवडा झाला. आमच्या घशांत निवडुंग उगवायचाच बाकी आहे.

सुशीलाकाकूंनी रिकामा हंडा स्कूटरपुढे आदळला. "रेखा, नवऱ्याला फोन लाव की गं!"

"काकू, फोनच काढून घेतलेत त्यांचे. मी तरी कुणाला सांगू?"

मत आम्ही दिलं, माणूस भलत्यांनीच नेला. काकूंच्या हंड्यामागे, उगाचच, सगळ्या गल्लीनं आपापले हंडे लावले. रेखा घरात गेली, आपली रिकामी कळशी घेऊन आली आणि रांगेत शेवटी ठेवली.