प्रेमराजच्या हातातला दगड

धरणगावात कोकिळाची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर तिने ती एकटीनेच चालवली. बोलणं कमी, आवाज मोठा. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून तसा झालेला. प्रेमराजचा विषय निघाला की मात्र तो आवाज खाली यायचा.

प्रेमराज तिचा थोरला भाऊ. कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी चोपड्याच्या रस्त्यावर गाड्या अडवल्या, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तो गेला. कोकिळा तेव्हा शाळेत शिकत होती. पोलिसांनी लिहिलं, जमाव दगडफेक करत होता. वडिलांनी, भाईदासांनी, चौकशीत शपथेवर सांगितलं की पोरगा म्हशीसाठी सरकीची ढेप आणायला गेला होता आणि मधेच सापडला. वडील गेले तरी घरात तेच सांगितलं जायचं. कोकिळानेही आयुष्यभर तेच सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात जळगावची मोनाली गिरणीवर आली. खानदेशातल्या जुन्या आंदोलनांच्या व्हिडिओ कॅसेटी जमवून ती माहितीपट करत होती. तिने लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. आधी अलीकडचा एक मोर्चा दाखवला: हेल्मेट, छातीवर चिलखत, अश्रुधुराच्या बंदुका, जाळ्या लावलेली निळी गाडी. मग जुनी कॅसेट लावली. त्यात खाकी कपडे, वेताच्या ढाली, लाठ्या, आणि मागे थोड्या रायफली.

"हे सगळं कसं बदलत गेलं, तेच दाखवायचंय," मोनाली म्हणाली. "अक्का, आता नीट बघा."

गर्दीतून प्रेमराज पुढे आला. हसत होता. कोकिळा त्याचं चालणं विसरून गेली होती, ते तिला एकदम आठवलं. तो वाकला, दगड उचलला आणि अंगातला सगळा जोर लावून फेकला. मग गोंधळ झाला, कॅमेरा जमिनीकडे वळला आणि नुसते आवाज ऐकू आले.

कोकिळाने गिरणी बंद केली.

"तुम्ही म्हणाल तर एवढं कापते," मोनाली म्हणाली.

"कापशील तर तूही आमच्यासारखीच. ठेवशील तर लोक म्हणतील, पोलिसांचं बरोबर होतं." तिने हाताचं पीठ झटकलं. "आईला विचारते."

गिरणीमागच्या घरात आई, तानुबाई, खाटेवर बसून होती. नजर अधू झाली होती, म्हणून मोनालीने लॅपटॉप अगदी जवळ धरला. म्हातारीने ते पुन्हा लावायला सांगितलं.

"मना प्रेमराजच शे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कोनले लागना का दगड?"

"नाही आजी. पोलीस लांब होते. रस्त्यातच पडला."

"मंग राहू दे तसंच."

"आई, बाबांनी शपथेवर सांगितलं होतं," कोकिळा म्हणाली.

"तुना बाप घाबरेल व्हता. दगड सांगता तर लोक म्हनता, पोरले मारं तेच बरं झालं." तानुबाईने पदर सावरला. "आते कोनले भ्यायचं?"

माहितीपटात मग कोकिळाही बोलली. धुळ्याला तो दाखवला तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. दिवे लागल्यावर मागून एकाने विचारलं, "म्हणजे दगड मारला होता ना?"

ती उठून उभी राहिली. "मारला होता. दगड मारला तर पकडायचं, कोर्टात उभं करायचं. माझ्या भावाला कोर्टापर्यंत जाऊच दिलं नाही."

त्या माणसाने मान खाली घातली. पटलं म्हणून की नाही, ते कोकिळाला कळलं नाही.

चौकशी पुन्हा झाली नाही, होईल असं तिला वाटतही नाही. पण घरात बदल झाला. इतकी वर्षं प्रेमराज म्हणजे ढेप आणायला गेलेला गरीब, निमूट मुलगा होता. आता तानुबाई कोकिळाच्या सुनेला सांगते, तो किती तापट होता, व्यापाऱ्याने कापसाच्या वजनकाट्यात मारलं म्हणून त्याच्याशी कसा भांडला, घरी येऊन जेवला कसा नाही. कोकिळा दारात उभी राहून ऐकते. यातलं बरंचसं तिलाही माहीत नव्हतं.