गप्प राहायची जागा

एका प्रसिद्ध इंग्रजी शोकांतिकेतला खलनायक असा का वागतो, याची पाच कारणं मी पुढे तीस वर्षं कॉलेजात मुलांना लिहून दिली. त्याची बढती हुकली होती, हे पहिलं. त्याला बायकोचा संशय होता, हे दुसरं. बाकीची तीन आता मलाही वहीत बघावी लागतात. मुलं ती पाठ करत आणि पास होत. नाटक लिहिणाऱ्याने मात्र एकही कारण शेवटपर्यंत नक्की केलेलं नाही. खलनायकाला बांधून आणतात, का केलंस म्हणून विचारतात, आणि तो तोंड मिटून घेतो. परीक्षेत कोणी असं केलं तर शून्य मिळतं.

हे नाटक मी शिकवायच्या आधी एकदा बसवलं होतं. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मुलुंडला मिठागरांच्या बाजूला आमची सहा इमारतींची सोसायटी होती. मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात मास्तर होतो आणि काकांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. सोसायटीला पाच वर्षं पुरी होत होती, तेव्हा कमिटीने ठरवलं की वर्धापनदिनाला काहीतरी भारदस्त व्हावं. मी एम. ए.ला असताना त्या शोकांतिकेचं मराठी भाषांतर करून ठेवलं होतं. सेनापतीचा मी मराठा सरदार केला होता. त्याच्या पदरचा एक माणूस त्याच्या कानात बायकोविषयी विष ओततो, सरदार निरपराध बायकोचा जीव घेतो, आणि मग त्याला खरं कळतं. कमिटीला गोष्ट एका वाक्यात सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘उद्बोधक आहे,’ असं अध्यक्ष म्हणाले.

भूमिका गुणांवरून वाटल्या गेल्या नाहीत, हुद्द्यावरून वाटल्या गेल्या. अध्यक्ष सरदार झाले. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि वय अठ्ठावन्न असलं तरी सरदाराहून खालचं काही त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. सरदाराच्या बायकोचा प्रश्न अवघड होता. अध्यक्षांच्या हातून गळा दाबून घ्यायला कोणीही आपली मुलगी किंवा सून देईना. अखेर चिटणिसांनी मिशी काढली. अध्यक्षांपुढे गुडघे टेकून विनवण्या करायचं काम ते एरवीही वर्षभर करत होते, त्यामुळे तालमीचा त्रास पडला नाही.

खलनायक मात्र कोणीच घेईना. खजिनदारांना विचारलं तर ते म्हणाले, ‘घरात दोन मुली लग्नाच्या आहेत मास्तर, उद्या स्थळवाले काय म्हणतील?’ दुसऱ्या एका सभासदाने अट घातली की शेवटी हा माणूस पश्चात्ताप पावून काशीला जातो असं दाखवा. आठवडाभर हा घोळ चालला. शेवटी पंपवाल्याचं नाव निघालं, कारण त्याला मुलगी नव्हती आणि अब्रू आहे असं कोणी धरलेलं नव्हतं.

सोसायटीच्या विहिरीचं पाणी वरच्या टाक्यांत चढवायला एक पंप होता. तो चालवणारा हा माणूस मालवणकडचा. गिरणीतून कमी केल्यावर आमच्याकडे आला होता आणि पंपाला लागूनच्या खोलीत बायकोबरोबर राहत होता. लग्नाला अकरा वर्षं झालेली. त्यांतली नऊ तो गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत चौदा पुरुषांबरोबर झोपला, आणि बायको गावी. तिथे बायको आणता येत नसे. पंपाशेजारची ती खोली मिळाली तेव्हा त्यांचा संसार सुरू झाला. पण खोली तोंडी दिलेली होती. कमिटीला तिथे कचेरी करायची होती, तशी पाटीसुद्धा रंगवून तयार होती. भूमिका घेतोस का म्हणून विचारलं तेव्हा त्याने एवढंच मागितलं की खोली कायम करा. अध्यक्ष उदार झाले. नाटक नीट पार पडलं तर त्यानंतरच्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता. मी त्याला तू म्हणत असे, तो मला तुम्ही म्हणत असे. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

तालमी तळमजल्यावरच्या एका रिकाम्या गाळ्यात संध्याकाळी होत. मी प्रत्येकाला त्याच्या पात्राचा हेतू समजावून देत असे. तेव्हा मला ते विद्वत्तेचं वाटे. अध्यक्षांचं आणि माझं पहिल्याच आठवड्यात वाजलं. सरदार एवढ्या तेवढ्यावरून विश्वास ठेवतो, हे त्यांना पटेना. मी म्हटलं, तो मोठा आहे पण आतून धास्तावलेला आहे, आपल्याला लोक हसतील या भीतीनेच तो आंधळा होतो. अध्यक्ष म्हणाले, ‘मास्तर, पुरावा पाहिजे. इतक्या कच्च्या पुराव्यावर मी आमच्या ऑफिसात शिपायाची रजासुद्धा कापली नाही.’ तेव्हा मी एक चोरलेलं पत्र वाढवलं. तरी त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना दोन साक्षीदार हवे होते.

पंपवाला गावाकडे दशावतारात कामं केलेला होता. दशावतारात संहिता नसते. दुपारी सगळे बसून कथा ठरवतात, कोण कुठून येणार तेवढं बोलून घेतात, आणि रंगमंचावर ज्याची त्याने वाक्यं करायची. एकाने प्रश्न टाकला की दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला, मग तो राजा असो की राक्षस. अशा माणसाला मी माझी अलंकारिक वाक्यं पाठ करायला दिली. तीन महिन्यांत त्याने ती केली, आणि माझ्यापेक्षा चांगली म्हटली. ‘स्वामी’ हा शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याला चुकून आपणच स्वामी असल्यासारखं वाटे.

त्याला मी पाच कारणं सांगितली. बढतीचं सांगितलं, संशयाचं सांगितलं. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘ता खरा मास्तर, पण ह्येच्या पोटात कशाक दुखता?’

मी पुन्हा बढती सांगितली. तो म्हणाला, बढती गिरणीत त्याचीही हुकली होती, पण त्याने कोणाच्या बायकोचा जीव घेतला नाही. मी त्याला उच्चार सुधारायला सांगितलं.

शेवटच्या प्रवेशात खलनायक गप्प राहतो, हे त्याला मुळीच पटेना. सरदार भरल्या सभेत ‘का?’ म्हणून विचारतो आणि हा मुकाट उभा राहतो, म्हणजे लोक म्हणणार याची वाक्यं पाठ नाहीत. मी त्याला सांगितलं की ती गप्प राहायची जागा आहे, जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी तिच्यावर लिहिलं आहे. तो मान हलवून गेला. पण नाटकाच्या दिवशी सकाळी पंप सुरू करून तो माझ्याकडे आला आणि पुन्हा तेच विचारलं. मी दाढी करत होतो. आरशातून त्याच्याकडे बघत मी म्हटलं, ‘अरे, तुला सुचेल ते बोल तिथे. जा.’

त्या वेळी तिथे आम्ही दोघंच होतो.

नाटक पाच वाजता सुरू झालं. सहा इमारतींतली माणसं, शिवाय पलीकडच्या चाळीतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये अध्यक्षांनी सरदाराच्या पोशाखातच, कमरेला तलवार लावून, सोसायटीचा वार्षिक अहवाल वाचला. त्यात गटारांचा उल्लेख तीनदा आला. मग ते आत गेले आणि बायकोवर संशय घ्यायला पुन्हा बाहेर आले.

मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला होतो. अध्यक्षांना दर दोन ओळींनी शब्द द्यावा लागत होता. पण लोक अध्यक्षांकडे बघतच नव्हते. पंपवाला प्रवेश करून गेला की मागे बाया एकमेकींना विचारत, हा कोण गं, कुठला नट आणलाय? माझ्या भाषांतरातल्या ज्या वाक्यांवर मी महिना महिना घालवला होता त्यांना टाळ्या पडत होत्या, आणि त्या त्याला मिळत होत्या. भाषांतर कोणाचं, असं कोणीही विचारलं नाही.

शेवटचा प्रवेश आला. चिटणीस मरून पडले होते. पंपवाल्याला बांधून आणलं. अध्यक्षांनी तलवार रोखली आणि या एका ओळीला मात्र न अडखळता म्हणाले, ‘बोल नराधमा, का केलंस हे?’

 तो माझी सगळी घासूनपुसून घेतलेली मराठी बाजूला ठेवून आपल्या भाषेत, आवाज न चढवता बोलला.

‘सरकार, बारा वर्सां तुमचो घोडो धरतंय. तुमी चढलात, उतरलात. माझा नाव काय ता सांगा.’

अध्यक्ष बघत राहिले.

‘ह्या सगळ्यांसमोर सांगा. मग मी कारण सांगतंय.’

नाटकातल्या त्या पात्राला नाव होतं. अध्यक्षांनी तीन महिने ते घेतलं होतं. त्या क्षणी ते त्यांना आठवेना. आणि समोरच्या माणसाचं खरं नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं, कारण पंपवाला या शब्दाने सगळी कामं होत होती. त्यांनी विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. पात्राचं नाव माझ्यापुढे वहीत लिहिलेलं होतं, तांबड्या शाईने, खाली दोन रेघा ओढून. तीन अक्षरं. मी दिली नाहीत.

मागून चाळीतलं कोणीतरी म्हणालं, ‘सांग ना सरदार.’ मग हसू सुरू झालं. पहिल्या रांगेपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, पण पोचलं. मेलेले चिटणीससुद्धा हलत होते. अध्यक्षांनी ठरल्याच्या आधीच स्वतःला भोसकून घेतलं आणि पडदा पडला.

टाळ्या मात्र बराच वेळ चालल्या. पंपवाला आत येऊन मला म्हणाला, ‘बरा झाला मा, मास्तर?’ मी म्हटलं, छान झालं. त्याच्या चेहऱ्यावर रंग होता, आणि त्याला खरोखर वाटत होतं की नाटक नीट पार पडलं.

तीन दिवसांनी कमिटी बसली. पंपवाल्याला बाहेर उभं केलं होतं. त्याने आधीच सांगितलं होतं की मास्तरांनी बोलायला सांगितलं म्हणून बोललो. अध्यक्षांना ते खरं वाटत नव्हतं. त्यांच्या मते हा कोणाचा तरी कट होता. असं वाक्य या माणसाला स्वतः सुचणं शक्य नव्हतं, त्याच्या कानात कोणीतरी घातलं होतं. हे बोलताना ते खजिनदारांकडे बघत होते. खजिनदार टेबलाकडे बघत होते.

मला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, हे वाक्य तुमच्या भाषांतरात आहे का?

‘नाही,’ मी म्हटलं.

‘तुम्ही त्याला काय सांगितलं होतंत?’

‘ती गप्प राहायची जागा आहे, असं सांगितलं होतं.’

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी मुलांना पुढे हेच शिकवलं: हा खलनायक खोटं क्वचित बोलतो; तो खरंच सांगतो, फक्त जिथे थांबायचं तिथे थांबतो. मुलं ते वाक्य अधोरेखित करत.

सकाळची गोष्ट मी सांगितली असती तर माझं काय गेलं असतं? काही नाही. ब्लॉक काकांचा होता, नोकरी शाळेची. फार तर अध्यक्षांनी चार दिवस बोलणं टाकलं असतं, आणि ती शिक्षा नव्हती. टाळ्यांचा राग होता म्हणावं तर एवढ्याशा टाळ्या. भीती होती म्हणावं तर अध्यक्षांची भीती मला कधीच वाटली नाही, त्यांच्या मी नकला करत असे. मी स्वतःसाठीही पाच कारणं काढून पाहिली आहेत. परीक्षेत चालतील अशीच आहेत.

दोन साक्षीदार मागणाऱ्या अध्यक्षांनी या वेळी एकावर भागवलं. रविवारच्या सभेत खोली कायम करायचा ठराव आला नाही. खोलीत कचेरी हलवायचा आला, आणि एकमताने पास झाला. चिटणीस इतिवृत्त लिहीत होते. त्यांची मिशी अजून उगवायची होती. मध्येच त्यांनी मान वर करून विचारलं, याचं नाव काय घालायचं? कोणी काही बोललं नाही. त्यांनी ‘पंपचालक’ असं लिहिलं आणि पुढे गेले.

पंपाचं कामही सुटलं, आणि तो पुन्हा गाववाल्यांच्या खोलीत गेला. तिथे आता सोळा जण होते. बायकोला बोटीने गावी धाडायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी ती एकटी माझ्याकडे आली. हातातला स्टोव्ह खाली ठेवून दारातच उभी राहिली. मी बस म्हटलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, हातापाया पडेल, अध्यक्षांना एक शब्द सांगा म्हणेल. त्याला द्यायचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. तिने काहीच मागितलं नाही. घरी रोज तीन महिने नवऱ्याची वाक्यं तिनेच म्हणून घेतली होती, वाचता येत नसताना, नुसत्या ऐकीव पाठांतरावर. सगळं नाटक तिला येत होतं.

‘मास्तरानू,’ ती म्हणाली, ‘आमी तुमचा काय केलेला? तुमच्या पोटात कशाक दुखला?’

ती उत्तरासाठी थांबली. खाली नवा माणूस पंप सुरू करत होता, त्याला तो जमत नव्हता. मी गप्प राहिलो. मग तिने दाराशी ठेवलेला स्टोव्ह उचलला, त्याची काजळी हाताला लागणार नाही असा पदराने धरला, आणि जिना उतरून गेली.