चिमीची मापे

मिरजेहून निघालेली मीटरगेजची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोहोचली. मे महिना असूनही पदर अंगाभोवती ओढून घ्यावा असा गारवा फलाटावर होता. माझ्या पिशवीत एक कोरी वही होती आणि आईचा एकच प्रश्न. तिचे वडील दत्तोबा शिंपी, ती चार वर्षांची असताना गणवेश शिवण्याच्या कामावर इकडे आले, ते परतलेच नाहीत. आई मामाकडे वाढली. निघताना ती म्हणाली होती, "बाकी काही नको ग. माझं नाव तरी काढत होते का, एवढं विचारून ये."

शोध कोठून सुरू करावा हे मी आधीच ठरवले होते. येथील मराठी शिंपी मंडळी आपली लग्ने चिकपेटेजवळच्या विठ्ठलमंदिरात नोंदवत. पुजाऱ्यांनी जुनी वही काढून दिली. दुपारी आजोबांचे नाव सापडले: विवाह दुसरा, वधू येथलीच. ती ओळ मी दोनदा वाचली.

"त्यांची मुलगी आहे की, अंबक्का," पुजारी म्हणाले. "राजाजीनगरात नवं घर बांधलंय."

तेथील घरे इतकी नवी आणि एकसारखी होती, की मी आधी चुकीच्याच दारात उभी राहिले. त्या घरच्या बाईंनी मला कॉफी पाजूनच शेजारचे दार दाखवले.

मी मिरजेचे नाव घेताच अंबक्कांनी मला न्याहाळले. "चिमीची लेक? स्वल्प (थोडी) बस. आधी जेव."

आईचे हे घरातले नाव मी अजून उच्चारलेही नव्हते.

सारू (मिऱ्याचे पातळ सार) आणि भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनं मला फार छळलंय."

"ती तर कधी इकडे आलीच नाही!"

"म्हणूनच!" त्यांनी ट्रंकेतून आजोबांची मापांची वही काढली. दर वर्षी दिवाळीआधी एक नोंद होती: चिमी. खाली परकराची उंची, पोलक्याची छाती, बाही. "अण्णा दर दिवाळीला तिचा जोड शिवायचे. मी विचारायची, ही कोण? तर म्हणे, जुनं गिऱ्हाईक आहे. मला तो जोड सैल व्हायचा. शेजारच्या कुणा मुलीला जायचा. मी रुसून बसायची."

"मावशी, पण मापं कुठून आली?"

"त्या वयाच्या पोरी दुकानात यायच्या ना, त्यांच्यावरून अंदाज."

चिमीच्या सोळाव्या वर्षी नुसतेच नाव होते. "त्या वर्षी खरं सांगितलं, मिरजेची माझी थोरली लेक. म्हणाले, आता लग्न झालं असेल. तिची मापं दुसऱ्या शिंप्याकडे."

"मग पत्र का नाही लिहिलं?"

"विचारलं होतं मी. खाली मान घालून मशीन चालवत राहिले."

मी वही मागितली. मावशींनी ती पदराखाली घेतली. "नको ग. अण्णांचं अक्षर माझ्याकडेही एवढंच आहे." मग मी सर्व मापे माझ्या वहीत उतरवून घेतली आणि मूळ वहीशी ताडून पाहिली.

घरी परतल्यावर मी ती आईला वर्षवार वाचून दाखवू लागले. दहाव्या वर्षाशी तिने मला थांबवले. "बत्तीस इंच म्हणजे किती?"

मी टेप जमिनीपासून उभी धरली. आईने आपला हात माझ्या बोटांच्या बराच खाली नेला.

"माझा परकर एवढा होता. मामाकडे अंग धरायला मिळालंच कुठं?" ती टेपेवरून बोट फिरवत राहिली. "त्यांना वाटलं असेल, पोर पोटभर जेवते."

चुकीचे उत्तर दिसले की लाल पेन्सिल उचलायची, ही शाळेत शिकवताना लागलेली माझी इतक्या वर्षांची सवय. त्या पानांवरचे एकही माप बरोबर नव्हते. मी वही तशीच मिटून आईच्या मांडीवर ठेवली.